रोपांच्या नावपट्ट्या घरातल्या टाकाऊ वस्तूंतून: काय टिकतं, काय टिकत नाही?

बीजांकुर

नमस्कार मंडळी,

गेल्या हंगामात मी चार जातींचे टोमॅटो, तीन जातींच्या मिरच्या आणि वांगी अशी सगळी रोपं एकदमच ट्रेमध्ये लावली. घरात पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यांचा ढीग साठला होता. ते कापून बोटभर रुंदीच्या पट्ट्या केल्या, काळ्या पर्मनंट मार्करने ठळक अक्षरांत नावं लिहिली आणि प्रत्येक खणात एकेक पट्टी खोचली. दोन महिन्यांनी रोपं मोठ्या कुंड्यांत हलवायला घेतली, तर निम्म्याहून जास्त पट्ट्या कोऱ्या! पट्टी जशीच्या तशी, नाव तेवढं उडालेलं. काहींवर फिकट जांभळट डाग होता, तो उन्हात तिरका धरून बघितला तरी वाचता येईना.

टोमॅटो आणि वांगं पानांवरून वेगळे काढता आले. मिरच्यांच्या तीन जाती मात्र सारख्याच दिसत होत्या. पुढे त्यातलं एक झाड इतकं सुरेख निघालं, आखूड, भरगच्च, रोग नाही, फळं शेवटपर्यंत, की त्याचं बी मी जपून ठेवलंय. पुडीवर लिहिलंय ‘नाव माहीत नाही’. याचं मला खरंच वाईट वाटतं. ते बी कुणाला देऊ म्हटलं तरी काय म्हणून देऊ?

आता पुन्हा पेरायची वेळ आली आहे. विकतच्या पट्ट्या घ्यायच्या नाहीत, घरात आहे त्यातूनच करायचं आहे. सध्या जवळ शीतपेयांचे रिकामे कॅन, प्लास्टिकचे डबे, आईस्क्रीमच्या काड्या, फुटलेल्या मातीच्या कुंड्या, दोन-चार टाइल्सचे तुकडे आणि खिडकीचा एक जुना मोडका पट्ट्यांचा पडदा आहे. मला पट्ट्या तीन ठिकाणी लागतील: रोपांच्या ट्रेमध्ये, वर्षानुवर्षं तशाच राहणाऱ्या कुंड्यांत आणि दोन कलमी झाडांवर. कुणी काय वापरलं आणि ते किती टिकलं, जरूर लिहा.

खुरपं

बीजांकुरताई, यात पट्टीचा काही दोष नाही. दोष शाईचा आहे.

मार्करवरचं ‘पर्मनंट’ म्हणजे पाण्याने न जाणारं. उन्हाने न जाणारं असा त्याचा अर्थ होत नाही. त्या शाईत बहुतेक वेळा स्पिरिटसारख्या द्रावकात विरघळलेला रंग असतो. उन्हातले अतिनील किरण त्या रंगाचे रेणू तोडतात, आणि रेणू तुटला की रंग गेला. काळी शाई अनेकदा दोन-तीन रंग मिसळून केलेली असते. त्यातला एक आधी उडतो आणि दुसरा मागे राहतो, म्हणून तुम्हाला जांभळट डाग दिसला. बॉलपेनचंही तेच होतं.

उपाय घरातच आहे: शिसपेन्सिल. नावात शिसं असलं तरी आत ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन. ऊन त्याला फिकट करू शकत नाही आणि पाण्यात तो विरघळत नाही. ग्रॅफाइटची भुकटी चिकणमातीत मिसळून भाजायची रीत फ्रान्समध्ये निकोला-जाक काँते यांनी काढली, १७९५ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. त्या मिश्रणात माती जास्त असली की पेन्सिल कडक आणि फिकी, ग्रॅफाइट जास्त असलं की मऊ आणि काळी. आपल्याला मऊ हवी: २बी किंवा ४बी. एचबी चालते, पण अक्षर बारीक आणि राखाडी येतं.

एक अट आहे. गुळगुळीत, चकचकीत प्लास्टिकवर पेन्सिल उमटत नाही. पट्टीला बारीक पॉलिश पेपर चार-पाच वेळा घासा, पृष्ठभाग खरबरीत आणि मंद झाला की मग लिहा. हे घासणं टाळलं तर पेन्सिलीला नावं ठेवून परत मार्करकडे वळाल, म्हणून मुद्दाम सांगतो.

रानजाई

पेन्सिल पावसात पुसली जात नाही? रोज झारीने पाणी पडतं, हात लागतो. मला शंका आहे.

खुरपं

पाण्याने नाही जात. ग्रॅफाइटचे कण त्या खरबरीत पृष्ठभागाच्या खाचांत अडकून बसतात. ओल्या बोटाने घासलं तर वरवरची भुकटी पसरते, पट्टी जरा काळवंडते, पण अक्षर राहतं. शिवाय दाबून लिहिलं की प्लास्टिकवर चर उमटते. पुढे कधी ग्रॅफाइट निघालंच तरी पट्टी तिरक्या उजेडात धरून ती चर वाचता येते. माझ्याकडे गुलाबांच्या कुंड्यांत पेन्सिलीने लिहिलेल्या पट्ट्या आहेत. चिखलाने माखलेली पट्टी अंगठ्याने पुसली की नाव समोर.

पानोपानी

पेन्सिलीला माझंही अनुमोदन. आईस्क्रीमच्या काड्यांबद्दल लिहिते, कारण त्या मी बऱ्याच वापरल्या आहेत.

काडी कुजते, पण सगळी एकदम नाही. नेमकी मातीच्या पातळीवर कुजते. वरचा भाग कोरडा, खोल गेलेल्या भागाला हवा कमी. लाकूड खाणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात आणि ती दोन्ही मातीच्या तोंडाशी मिळतात. म्हणून काडी उपटायला जावं तर वरचा तुकडा हातात येतो आणि टोक आत राहतं. ट्रेमधल्या रोपांना ही काडी उत्तम, कारण तिथे सहा-आठ आठवडे निघाले तरी पुरे. मागे राहिलेला तुकडा मातीत मिसळून जातो याचंही बरं वाटतं. जास्त दिवस हवी असेल तर खालचा अर्धा भाग वितळलेल्या मेणात बुडवून काढा. मेणबत्त्यांची उरलेली टोकं यासाठी चालतात. मेण थेट आचेवर ठेवू नका, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. लिहिण्याच्या भागाला मेण लागू देऊ नका, त्यावर पेन्सिल चालत नाही.

काडीवर मार्कर किंवा पेनाने लिहिलं तर शाई लाकडाच्या रेषांमधून पसरते, अक्षरं फुगतात. पेन्सिलीचं तसं होत नाही.

काही जण मेणाऐवजी जवसाचं तेल लावतात. लावायला हरकत नाही, पण तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. बोळा करून ठेवलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकं उघड्यावर सपाट पसरून पूर्ण वाळवा, नाहीतर पाण्यात भिजवून ठेवा.

ओलीमाती

कॅन आहेत म्हणता, मग कायमच्या कुंड्यांचा प्रश्न सुटला असं समजा. यात शाईच लागत नाही, त्यामुळे उडायलाही काही नसतं. मी सविस्तर लिहितो, कारण हे काम करताना हात कापतात आणि घाई केली की पट्ट्या वाकड्या होतात.

शीतपेयाच्या कॅनची भिंत जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीची असते. साध्या कातरीने कापली जाते, पण कड ब्लेडसारखी धारदार निघते. जाड हातमोजे घालाच. कॅन आधी धुऊन वाळवा. वरच्या कडेजवळ टोकदार सुरीने एक भोक पाडा, तिथून कातर घालून वरचं झाकण गोल कापून काढा, मग उभी चीर देत खाली या आणि तळ कापून काढा. आता हातात एक गुंडाळी होऊ पाहणारा पत्रा असेल. तो टेबलाच्या कडेवर उलट्या बाजूने दोन-तीनदा ओढला की बराच सपाट होतो.

पट्टी लागेल त्यापेक्षा चारही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर मोठी कापा. कोपरे तिरके छाटा. मग चारही कडा आतल्या बाजूला दुमडून चमच्याच्या पाठीने दाबून बसवा. धार आत गेली, शिवाय पट्टीला ताठपणाही आला. ही पायरी सोडायची नाही. बागेत हात मातीत असतात, डोळे पानांवर असतात, आणि न दुमडलेली कड केव्हा कापते ते कळतही नाही.

आता लिहिणं. खाली वर्तमानपत्राची जाड घडी किंवा माउसचं जुनं पॅड घ्या. त्यावर पट्टी चंदेरी बाजू वर करून ठेवा आणि रिफिल संपलेल्या बॉलपेनाने सावकाश, दाबून लिहा. खालचा थर मऊ असेल तरच पत्रा खोल दबतो. फरशीवर ठेवून लिहिलं तर नुसता ओरखडा येतो. जोडाक्षरं मोठी काढा. शिरोरेषा शेवटी आणि हलक्या हाताने ओढा, एका दमात दाबून ओढली तर पत्रा फाटतो. हे मला चार-पाच पट्ट्या वाया गेल्यावर जमलं.

ॲल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही. हवेशी संबंध आला की त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. चकाकी जाते, पट्टी राखाडी होते, अक्षर मात्र दाबलेलंच राहतं. वनस्पती उद्यानांमध्ये झाडांना बांधलेले ठशाच्या अक्षरांचे धातूचे बिल्ले असतात, त्यामागे हीच कल्पना आहे.

आणि एक: ही पट्टी तांब्याच्या तारेने बांधू नका. दोन वेगळे धातू ओले होऊन एकमेकांना टेकले की त्यातला ॲल्युमिनियम झिजतो, भोकाभोवतीचा पत्रा खायला लागतो आणि पट्टी गळून पडते. ॲल्युमिनियमचीच तार घ्या, किंवा प्लास्टिकचं आवरण असलेली.

दवबिंदू

ओलीमाती, ही दुमडण्याची गोष्ट आजवर कुणी सांगितली नव्हती. मी कॅनच्या पट्ट्या एकदा केल्या आणि बोट कापल्यावर सोडून दिल्या होत्या. आता पुन्हा करून बघते.

चंदेरी बाजू म्हणजे आतली ना? तिला लेप असतो म्हणतात, त्याचं काही होतं का?

ओलीमाती

हो, आतली. पेय धातूला लागू नये म्हणून आत पारदर्शक लेप दिलेला असतो. दाबून लिहिण्यात त्याची काही अडचण नाही. फक्त पेन्सिलीने त्यावर लिहायला जाऊ नका, उमटत नाही. अक्षर जास्त उठून दिसावं असं वाटत असेल तर चरीत काळा ऑइलपेंट बोटाने चोळा आणि वरचा लगेच पुसून टाका, चरीतला राहतो.

रानजाई

जुन्या पडद्याच्या पट्ट्या ही माझी आवडती वस्तू. एका पडद्यातून शेकड्याने नावपट्ट्या निघतात, कापायला सोप्या, एक टोक निमुळतं केलं की मातीत सहज जातात. पेन्सिल किंवा ऑइलपेंटचा मार्कर, दोन्ही चालतात. बीजांकुर, तो मोडका पडदा टाकू नका.

नोंदवही

थांबा, आधी तो पडदा कशाचा आणि किती जुना आहे ते बघा.

१९९६ साली अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने बाहेरून आलेल्या काही व्हिनाइलच्या पट्टीपडद्यांत शिसं सापडल्याचं जाहीर केलं होतं. प्लास्टिक स्थिर राहावं म्हणून शिसं त्यात मिसळलेलं असे. ऊन आणि उष्णतेने प्लास्टिक झिजलं की पृष्ठभागावर शिसं असलेली धूळ जमायची. लहान मुलांना त्याचा मोठा धोका, म्हणून पुढे शिसं न घालता पडदे बनू लागले. तेव्हा प्लास्टिकचा पडदा जुना असेल, कुठला ते माहीत नसेल, तर भाजीच्या मातीत त्याच्या पट्ट्या खोचू नयेत. पॉलिश पेपरने तर मुळीच घासू नयेत, तीच धूळ नाकात जाईल. ॲल्युमिनियमचा पडदा असेल तर ही भीती बरीच कमी, पण फार जुना असेल तर त्याचा रंग खरवडू नका. रंग उडालेल्या जुन्या लाकडी फळ्यांच्या चिपांनाही हेच लागू आहे, कारण पूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं सर्रास असायचं.

रानजाई

हे मला माहीत नव्हतं. मनापासून आभार. माझा पडदा ॲल्युमिनियमचा आहे, पण वाफ्यात प्लास्टिकच्याही काही पट्ट्या आहेत. आजच काढते.

पानोपानी

प्लास्टिकचा विषय निघालाच आहे तर माझं स्पष्ट मत सांगते. भाजीच्या वाफ्यात प्लास्टिकची पट्टी नकोच. डब्याच्या तळाशी त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. अशा डब्यांचं प्लास्टिक सतत उन्हात राहण्यासाठी बनवलेलं नसतं. उन्हात त्याच्या साखळ्या तुटतात, आधी पांढुरकी भुकटी सुटते, मग पट्टी बोटाने मोडते. ६ आकडा म्हणजे पॉलिस्टायरीन, ते मुळातच ठिसूळ. हे तुकडे मातीतून वेचून काढता येत नाहीत. खत घालून, पालापाचोळा कुजवून आपण माती तयार करतो आणि तिच्यात आपल्याच हाताने हा चुरा घालतो, हे मला पटत नाही.

खुरपं

पानोपानी, चुऱ्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण ‘नकोच’ हे मला मान्य नाही. तो डबा तसाही कचऱ्यातच जाणार होता. ट्रेमध्ये दोन महिने वापरली, काढली, धुतली, कपाटात ठेवली, तर तिला ऊन लागतं किती? त्रास होतो तो पट्टी वाफ्यात विसरून गेल्यावर. मी प्रत्येक हंगामाच्या शेवटी पट्टी वाकवून बघतो. लवचीकपणे वाकली तर पुढच्या हंगामाला, पांढरी रेघ उमटली किंवा कडकन आवाज आला तर बाद. २ आकड्याच्या जाड पांढऱ्या बाटल्या त्यातल्या त्यात जास्त टिकतात असा माझा अनुभव आहे.

पानोपानी

विसरली जाते हीच तर अडचण आहे, खुरपंदादा. तुमच्याइतकं नियमाने काढणारे थोडे. ट्रेपुरतं मी मान्य करते, वाफ्यात नाही.

खुरपं

वाफ्यापुरतं मीही तुमचं मान्य करतो.

दवबिंदू

पट्ट्या परत वापरणाऱ्यांसाठी: मार्करचं अक्षर स्पिरिट किंवा हात निर्जंतुक करायच्या द्रावाने जातं, पेन्सिलीचं खोडरबराने नाहीतर भांडी घासायच्या पावडरने. पण नुसतं अक्षर पुसून भागत नाही. मर रोगाची बुरशी, म्हणजे कोवळी रोपं बुंध्याशी सडून एका रात्रीत आडवी होतात ना, ती पट्टीला चिकटलेल्या मातीतून नव्या ट्रेमध्ये येऊ शकते. साबणाच्या पाण्यात ब्रशने घासा, नीट वाळवा, मग ठेवा.

मातीचागंध

फुटक्या कुंड्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून! माझ्या मते टाकाऊ वस्तूंतली सगळ्यात देखणी नावपट्टी म्हणजे खापर.

कुंडीच्या काठाचे तुकडे घ्या. काठ जाड असतो, एका बाजूला गोलाई असते, ती वर ठेवायची. निमुळती बाजू मातीत किमान एक तृतीयांश जाऊ द्या, नाहीतर कलंडतं. टोकं दगडावर किंवा खरबरीत फरशीवर पाणी टाकून घासली की बोथट होतात. पाणी टाकून घासायचं ते धूळ उडू नये म्हणून. आतली बाजू घासून स्वच्छ केली आणि खापर चांगलं वाळवलं की त्यावर पेन्सिल सुंदर उमटते, कारण भाजलेली माती छिद्राळ असते. लांबून वाचायचं असेल तर पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाने बारीक कुंचल्याने लिहा. लाल मातीवर पांढरं अक्षर फार खुलून दिसतं. ओल्या खापरावर रंगवू नका, आतली ओल बाहेर येताना रंगाचे पापुद्रे निघतात.

टाइलचंही तसंच. चकचकीत बाजूवर मार्कर दिसतो छान, पण ओलं फडकं दोन-चारदा फिरलं की जातो. उलटी बाजू, जिला सिमेंट लागतं ती, तिला चकाकी नसते. लिहायचं तिथे.

गुळगुळीत गोटेही रंगवता येतात. मी मुलांकडून करून घेतले होते. पण गोटा नुसता वर ठेवलेला असतो. कुणीतरी उचलतो, दुसऱ्या कुंडीत ठेवतो आणि मग पुदिन्याच्या शेजारी ‘झेंडू’ दिसतो. नाव नसण्यापेक्षा चुकीचं नाव वाईट. गोटे मोठ्या वाफ्यात ठीक, कुंड्यांत नको.

कुंडीतली_जाई

नेलपॉलिश चालतं का? वाळायला आलेल्या चार बाटल्या पडून आहेत.

मातीचागंध

दगडावर, खापरावर चालतं. वर्षभराने कडा उडायला लागतात, मग परत गिरवायचं. पण मार्करच्या अक्षरावर पारदर्शक नेलपॉलिशचा हात देऊ नका. त्यातलं द्रावक शाई विरघळवतं आणि सगळं नाव फराटत जातं. पेन्सिलीवर चालेल.

पारदर्शक चिकटपट्टी लावायचा मोहही टाळा. कडेतून पाणी आत शिरतं, मग आत शेवाळ धरतं.

नोंदवही

कशावर आणि कशाने लिहायचं हे झालं. काय लिहायचं याबद्दल थोडं सांगतो, कारण बीजांकुरताईंचं मूळ दुःख तिथेच आहे.

‘मिरची’ असं लिहिलेली पट्टी शंभर वर्षं टिकली तरी उपयोग नाही. मिरची आहे हे झाडच सांगतं. झाड जे सांगू शकत नाही ते पट्टीवर हवं: जात कोणती, बी कुठून आलं, पेरलं कधी. एवढं सगळं बोटभर पट्टीवर मावत नाही, म्हणून मी वनस्पती उद्यानांची पद्धत उचलली आहे. तिथे बागेत येणाऱ्या प्रत्येक नव्या रोपाला किंवा बियाण्याला एक नोंद क्रमांक देतात, बहुधा वर्ष आणि त्यापुढे अनुक्रम असा. मी तसाच देतो, उदाहरणार्थ २५-०१४. पट्टीवर वर मोठ्या अक्षरात जात, खाली हा क्रमांक. बाकी सगळं वहीत त्या क्रमांकापुढे: कुणी दिलं, कधी उगवलं, कधी फुललं, कीड कोणती आली. बियांच्या पुडीवरही तोच क्रमांक टाकतो.

वहीतच वाफ्याचा आणि कुंड्यांच्या रांगांचा साधा नकाशा काढून ठेवा. चौकोन आणि आत क्रमांक, बस. पट्टी पक्ष्याने उपटली, मुलाने काढली, तरी नाव जात नाही. ट्रे फिरवण्याची सवय असेल तर ट्रेच्या एका कोपऱ्याला खूण करा, नाहीतर नकाशा उलटा वाचला जातो.

कायमच्या कुंडीत दोन पट्ट्या. एक वर दिसणारी, दुसरी काठालगत पूर्ण गाडलेली. गाडलेल्या पट्टीला ऊन लागत नाही, त्यामुळे तिच्यावरचं नाव कितीतरी जास्त टिकतं. लिली, कर्दळ, डेलिया यांच्यासारखी कंदांची झाडं वर्षातले काही महिने मातीत गडप होतात. त्यांच्यासाठी तर ही दुसरी पट्टी हवीच. वर काही दिसत नाही म्हणून आपण त्याच कुंडीत खुरपं घालतो आणि कंद चिरतो.

शक्य असेल तिथे शास्त्रीय नावही लिहा. कार्ल लिनियसने १७५३ पासून वनस्पतींना सरसकट दोन शब्दांची नावं दिली, तीच पद्धत आजही चालते. गावठी नावं गोड असतात, पण एकाच नावाची तीन वेगळी झाडं निघतात. लागवडीच्या जातीचं नाव त्यापुढे एकेरी अवतरणचिन्हात लिहितात.

दवबिंदू

नोंदवही, गाडलेल्या पट्टीची कल्पना फार आवडली.

आणखी एक छोटी गोष्ट. उभ्या पट्टीवरचं अक्षर उन्हाकडे पाठ करून ठेवा. उत्तर गोलार्धात म्हणजे उत्तरेकडे तोंड. फार फरक पडतो असं नाही, पण फुकट आहे.

ओलीमाती

कलमी झाडांचं राहिलं. इथे सगळ्यात जास्त काळजी घ्या, कारण इथे पट्टी जाण्याचं भय नसतं, झाड जाण्याचं असतं.

खोडाभोवती तार घट्ट बांधायची नाही. खोड दरवर्षी जाड होतं, तार होत नाही. ती सालीत रुतते. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जातं, तो रस्ता तारेने आवळला की मुळं उपाशी राहतात आणि वरचा भाग काही वर्षांत वाळतो. बागेतली कितीतरी कलमं रोपवाटिकेतून आलेल्या टॅगच्या तारेनेच मेलेली मी पाहिली आहेत. रोप घरी आणलं की तो टॅग पहिल्यांदा सैल करा किंवा काढा.

मी असं करतो: खोडाला न बांधता बाजूच्या एखाद्या फांदीला सैल वेढा देतो, आत दोन बोटं सहज फिरतील एवढा. तारेचं टोक पेन्सिलीभोवती गुंडाळून स्प्रिंगसारखं केलं की फांदी जाड होताना वेढा आपोआप उघडतो. वर्षातून एकदा, छाटणी करताना, प्रत्येक टॅग बघायचा आणि पुढे सरकवायचा. पण जी फांदी छाटायची आहे तिला टॅग असेल तर आधी टॅग काढा. फांदीबरोबर नावही कचऱ्यात जातं.

कलमाच्या बाबतीत खुंट (मुळांसकट खालचं झाड) कोणता आणि त्यावर बसवलेला डोळा (वरच्या जातीची कळी) कोणत्या जातीचा, दोन्ही लिहा. पुढे खुंटाला धुमारे फुटले की ओळखायला उपयोग होतो.

कुंडीतली_जाई

एक वेगळं विचारू का? माझ्या वडिलांची दृष्टी गेली आहे. बाग त्यांनीच लावली होती. अजूनही रोज सकाळी कुंड्यांतून फिरतात, पानं चुरडून वास घेतात आणि ओळखतात. पण ज्यांना वास नाही ती झाडं त्यांना ओळखता येत नाहीत. त्यांना हाताने वाचता येईल अशी पट्टी करता येईल का?

ओलीमाती

नक्की करता येईल, आणि कॅनचा पत्रा यासाठी फारच चांगला. बाबांना ब्रेल येतं का?

कुंडीतली_जाई

थोडं थोडं शिकले आहेत. अक्षरं येतात, भराभर वाचता येत नाही.

ओलीमाती

मग एक-दोन अक्षरंच पुरेत. ब्रेलचं एक अक्षर सहा टिंबांच्या घरात बसतं, दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन. दोन टिंबांत साधारण अडीच मिलिमीटर अंतर ठेवा. पट्टी मऊ घडीवर पालथी ठेवून रिकाम्या बॉलपेनाने टिंब दाबा, म्हणजे पुढच्या बाजूला उंचवटा येईल. पण मागून दाबताय, त्यामुळे अक्षर आरशातल्यासारखं उलटं काढावं लागेल, उजवीकडून डावीकडे. आधी कागदावर काढा, कागद पालथा करून पट्टीवर ठेवा आणि त्यावरूनच दाबा, म्हणजे चूक होत नाही. टिंब फार जोरात दाबू नका. भोक पडलं तर त्याची कड बोटाला टोचते. आणि चारही कडा दुमडलेल्या हव्यातच, इथे तर बोटं पट्टीवर मुद्दाम फिरणार आहेत.

मातीचागंध

खापराच्या कडेला कानसेने खाचाही करता येतील. एक खाच म्हणजे जास्वंद, दोन म्हणजे गुलाब, असं त्यांनाच ठरवू द्या. सगळ्या कुंड्यांत पट्टी एकाच बाजूला ठेवा, म्हणजे हात शोधत फिरावा लागणार नाही. गुलाबाच्या आणि निवडुंगाच्या कुंड्यांत पट्टी काट्यांपासून लांब, कुंडीच्या काठाला टेकून.

बीजांकुर (चार महिन्यांनी)

सगळ्यांचे आभार मानायला आणि काय झालं ते सांगायला आले आहे.

ट्रेमध्ये काड्या वापरल्या, अर्ध्या मेण लावलेल्या आणि अर्ध्या साध्या, नावं ४बी पेन्सिलीने. रोपं हलवेपर्यंत एकही नाव गेलं नाही. साध्या काड्या मातीच्या तोंडाशी मऊ पडल्या होत्या, मेणाच्या ठणठणीत. खुरपंदादांची घासलेली प्लास्टिकची पट्टीही शेजारी लावून बघितली, अक्षर पहिल्या दिवसासारखंच आहे. ती काढून धुऊन ठेवली.

कॅनच्या बावीस पट्ट्या झाल्या. पहिल्या सहा जोडाक्षरांवर फाटल्या. मग ओलीमातींनी सांगितलं तशी शिरोरेषा शेवटी हलक्या हाताने ओढली, तेव्हापासून एकही फाटली नाही. पडदा प्लास्टिकचा निघाला आणि किती जुना ते घरात कुणालाच सांगता येईना, तो वापरला नाही. कलमांच्या टॅगच्या तारा बघितल्या, एका झाडाच्या सालीत वळ उमटायला लागला होता. वेळेत सुटली.

कुंडीतली_जाई

माझंही सांगते. बाबांनी ब्रेलपेक्षा खाचा पसंत केल्या. खापरं त्यांनीच पाण्यात घासून बोथट केली, खाचाही स्वतःच ठरवल्या. आता रोज सकाळी फेरी मारताना प्रत्येक कुंडीच्या काठावर अंगठा फिरवतात आणि नाव मोठ्याने म्हणतात. दोनदा त्यांनीच मला सांगितलं की ही कुंडी जागेवरून हलली आहे.

नोंदवही

जाई, वाचून फार आनंद झाला. खाचांची यादीही वहीत उतरवून ठेवा.

बीजांकुरताई, त्या बिननावाच्या मिरचीचं काय केलंत?

बीजांकुर

पेरली. वहीत तिला पहिला क्रमांक दिलाय. आठ रोपं उगवली, त्यातली सहा जोमात आहेत. कॅनच्या पट्टीवर खालच्या अर्ध्या भागात क्रमांक दाबून लिहिलाय आणि वरचा अर्धा भाग कोरा ठेवलाय. फळं धरली की पानांचे, फुलांचे, फळांचे फोटो इथे टाकते. कुणी ओळखलीत तर नाव त्याच पट्टीवर लिहीन.